दाजींची बंदूक आणि गिरणीचा पत्रा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पिठाच्या गिरणीत कबुतरं मारायच्या नोकरीवर होते. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतोय. पण नोकरी खरी होती, पगार खरा होता आणि गिरणीच्या आवारात राहायला मिळालेल्या दोन खोल्याही खऱ्या होत्या. दाजी आपल्या बंदुकीबद्दल जे सांगत, तेवढं सोडलं तर सगळंच खरं होतं.

मी त्याच गिरणीत वायरमन आहे. माझा निम्मा दिवस शिडीवर जातो, त्यामुळे खालच्या माणसांपेक्षा मला जरा जास्त दिसतं. त्याचा उपयोग आजवर कुणाला झालेला नाही, ही गोष्ट वेगळी.

गिरणी मोठी. एका टोकाला गहू उतरायचा, दुसऱ्या टोकाला पिठाची पोती शिवून बाहेर पडायची, आणि मधे उंच गोदाम. लोखंडी कैच्यांवर, म्हणजे आडव्या-तिरक्या पट्ट्यांच्या सांगाड्यांवर, पत्र्याचं छप्पर, आणि गरम हवा जावी म्हणून माथ्यावर लांबलचक मोकळी फट. त्या फटीतून हवा किती बाहेर जायची कोण जाणे, कबुतरं मात्र आत यायची. कैच्यांवर बसून ती खालच्या पोत्यांवर दिवसभर आपला कार्यभाग उरकत. एकदा बिस्किटांच्या कारखान्यातून माल तपासायला आलेल्या माणसाने पोत्यात हात घातला, तो पीस घेऊनच बाहेर काढला. मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाळी लावून झाली, ती वाऱ्याने फाटली. प्लास्टिकचं घुबड आणून टांगलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर एक कबुतर पिसं फुगवून बसलेलं. शेवटी मालक म्हणाले, मारणारा माणूस शोधा.

दाजी तेव्हा बागेच्या फाटकाबाहेर फुगे फोडायचा स्टॉल चालवत. लाकडी फळीवर फुगे टाचायचे, पोरांच्या हातात एअर रायफल द्यायची, आणि नेम चुकला की "वारा होता" म्हणून त्यांची समजूत घालायची, असा तो धंदा. नळी मधोमध वाकवून आतली स्प्रिंग दाबायची, वाटाण्याहून लहान शिशाचा छर्रा भरायचा, चाप ओढायचा. वर्षानुवर्षं पोरांनी हाताळून त्या स्प्रिंगमध्ये जीव असा उरलाच नव्हता. फुगा फुटायचा, पण तोही बहुधा फुटायच्याच बेतात असलेला.

पण लग्नाच्या वेळी दाजींनी ताईला सांगितलं होतं की स्टॉलची बंदूक वेगळी आणि आपली स्वतःची वेगळी. स्वतःची म्हणे पेटीत असते, ती अशी कुणाच्या हातात द्यायची नसते. पेटी एक होती आणि बंदूकही एकच होती. स्टॉलवर साखळी अडकवायला दस्त्याला ठोकलेली कडी अजून तशीच होती, तिला दाजी खांद्याच्या पट्ट्याची कडी म्हणत. पट्टा मी कधी पाहिला नाही.

मालकांकडे शब्द मी टाकला. मी एवढंच म्हणालो की माझे दाजी आहेत, नेम चांगला आहे. पुढचं सगळं दाजी स्वतः बोलले. मालकांनी विचारलं, बंदूक कसली आहे? दाजींनी गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून पेटी उघडली, बंदूक मालकांना जरा लांबूनच दाखवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, ही फार जपून चालवावी लागते, नाही तर तुमच्या छपराची चाळण होईल. मालक धंद्यातले मुरलेले गृहस्थ, पण बंदुकीच्या बाबतीत तेही लहान पोरच. त्यांनी जागच्या जागी नोकरी दिली आणि ताकीदही दिली की पत्र्याकडे नळी करून गोळी झाडायची नाही.

त्या ताकिदीने दाजींचं आयुष्य मार्गी लागलं. कुणी विचारलं की एवढी जोरदार बंदूक आहे तर एकदा काही फोडून दाखवा, की दाजी हळहळून म्हणत, मालकांची बंदी आहे. हमालांनी त्यांचं नाव "कमांडर" ठेवलं. दाजी तक्रार करायचे, पण कुणी नुसतं "अहो" म्हणून हाक मारली तर मागे वळायचे नाहीत.

आता खरं सांगायचं तर नेम मात्र विलक्षण होता. सकाळी गाड्या लागायच्या आधी ते पोत्यांच्या थप्पीवर पालथे पडत आणि वाट पाहत. कबुतर कैचीवर आलं, लोखंडाच्या पट्टीसमोर बसलं, मान वळवली, की मगच चाप. चपट्या तोंडाचा छर्रा वापरायचे. तो पाखराच्या अंगात शिरला की आतच थांबतो आणि सगळा धक्का तिथेच देतो. पाखरू ओल्या फडक्यासारखं खाली येतं. टोकदार छर्रा आरपार जातो. मग ते कबुतर उडत जाऊन कुठेतरी आडबाजूला तासभर मरत पडतं, आणि ते दाजींना खपायचं नाही. एखादं चुकून जायबंदी झालं तर स्वतः वर चढून, कुणी बघत नाहीसं पाहून, ते त्याची मान मुरगाळत आणि त्या दिवशी नाश्ता करत नसत. मारलेल्या पाखरांच्या जिवावर बढाया मारणारा माणूस तो नव्हताच. ज्या गोष्टीची शेखी मिरवायला कुणाची हरकत नव्हती, ती त्यांनी कधी मिरवली नाही. मिरवली ती बंदुकीच्या जोराची.

तो जोर कसला, हे मला ठाऊक होतं, कारण नेम क्वचित हुकायचाही. मग छर्रा पत्र्यावर टण्णकन आपटून नाण्यासारखा चपटा होऊन खाली पडे, आणि दाजी इकडेतिकडे बघून तो खिशात टाकत. धुताना ते चपटे तुकडे ताईला सापडत. एकदा तिने मला ते तळहातावर दाखवले आणि म्हणाली, "ह्यातलं तुला काही माहीत नाही. मलाही नाही." मी मान हलवली. मग ती आत गेली आणि दाजी जेवताना सांगत असलेली, एका गोळीत मोटारीचं दार फोडल्याची गोष्ट, जणू पहिल्यांदाच ऐकतेय अशी ऐकत बसली. तिला ती इतकी पाठ होती की दाजी एखादा तपशील विसरले तर आठवणही करून द्यायची.

असंच चालायचं ते चाललं असतं. पण एका पावसात गोदाम गळलं. थोडंथोडकं नाही, थप्पीच्या थप्पी भिजली आणि आतलं पीठ दगड झालं. कबुतरांनी सगळ्या जन्मात केलं नसतं एवढं नुकसान एका दुपारी झालं. छप्पर आदल्याच वर्षी नवं घातलेलं. घालणारा कंत्राटदार म्हणजे मालकांचा सख्खा भाचा. तो आला, कमरेवर हात ठेवून वर बघत उभा राहिला. पत्र्यात जागोजागी भोकं, त्यातून उजेड येत होता. भाच्याने एकच शब्द उच्चारला, गोळ्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावणारच. छपराची चाळण होईल, हे दाजी स्वतः सगळ्यांना इतकी वर्षं सांगत होते. भाच्याला साक्षीदार शोधावा लागला नाही.

मी शिडी लावून वर गेलो. भोकांच्या कडा आतल्या बाजूला वळलेल्या होत्या, म्हणजे ती वरून पाडलेली होती. ड्रिल मारताना खालची लोखंडी पट्टी चुकली की भाच्याची माणसं शेजारी दुसरं भोक पाडत आणि पहिलं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवत. ती लांबी आता गळून गेली होती. खाली येऊन मी हे मालकांना सांगितलं. मालकांनी नीट ऐकून घेतलं. मालक न्यायी आहेत आणि मामाही आहेत, आणि दोन्ही एकदम असणं त्यांना त्या दिवशी जड जात होतं. भाचा म्हणाला, वायरमन त्यांचा मेहुणा आहे, तो असंच बोलणार. शेवटी मालकांनी तोड काढली. छपराचाच एक उरलेला पत्रा आवारात उभा करायचा, दाजींनी त्यावर गोळी झाडायची. आरपार गेली तर भोकं त्यांची, नोकरी आणि खोल्या दोन्ही सोडायच्या. नाही गेली तर नुकसान भाच्याने भरायचं. उद्या सकाळी, सगळ्यांसमोर.

मला तर उकळ्याच फुटल्या. ही परीक्षा अशी होती की नापास व्हायचं आणि बक्षीस न्यायचं, आणि ती बंदूक नापास होणार याबद्दल मी माझी शिडी पैजेवर लावली असती. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. दाजी फडक्याने नळी पुसत बसले होते. मी आडवळणाने सुरुवात केली, पण सरळ म्हणायची हिंमत होईना की दाजी, तुमच्या बंदुकीने पत्रा सोडा, पुठ्ठासुद्धा विचार करून फाटेल. ताई तिथेच बसली होती. तिनेच वाट काढली.

"उद्या जरा हलका छर्रा घाला हं," ती म्हणाली. "तुमच्या नेहमीच्या जोराने मारलीत तर घर जाईल आपलं."

दाजींनी बराच वेळ नळी पुसली. मग म्हणाले, बरं, तू म्हणतेस तर हलका घालतो. मी बाहेर पडलो तो मनातल्या मनात ताईला दंडवत घालतच. या वयात दाजींना दुसरी नोकरी कुणी देणार नव्हतं आणि खोल्या गेल्या तर त्यांना जायला ठिकाण नव्हतं. ते सगळं एका हलक्या छर्‍यावर निभावलं होतं आणि वर दाजींची अब्रूही झाकली गेली होती.

सकाळी यंत्रं बंद ठेवून अख्खी गिरणी आवारात जमली. वाळूच्या ढिगापुढे थोडी जागा सोडून पत्रा दोन खुंटांना बांधून उभा केला होता. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताई खोलीच्या दारात उभी होती, हात पुसत. मालकांनी खूण केली. दाजींनी नळी वाकवली, छर्रा भरला, नेम धरला आणि चाप ओढला.

टण्ण. छर्रा पत्र्यावरून उलटा आला, फरशीवर टुणटुणत गेला आणि मालकांच्या बुटाशी जाऊन थांबला. पत्र्यावर मसुरीच्या दाण्याएवढा खळगा पडला होता. मालकांनी तो बोटाने चाचपला. पैलवान म्हणून आमच्याकडे एक जाडा हमाल आहे, त्याला पहिल्यांदा हसू आवरेना. "कमांडर, ही तर फुग्याची बंदूक," तो म्हणाला. वाईट मनाने नव्हे, त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. मग पोती शिवणारे हसले, ड्रायव्हर हसले, कुणीतरी तोंडाने फट्‌ असा फुगा फुटल्याचा आवाज काढला.

मालकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, भोकं ह्यांची नाहीत, झालं गेलं मिटलं. भाच्याला म्हणाले, संध्याकाळी घरी ये. भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. माझा जीव भांड्यात पडला. आम्हाला हवं होतं ते सगळं, हवं होतं त्याच क्रमाने, घडलं होतं. आता दाजींनी बंदूक पेटीत घालायची आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

दाजी जागचे हलले नाहीत. ते खोलीच्या दाराकडे बघत होते. मग मालकांकडे वळून म्हणाले, "थांबा मालक. ती गोळी हलकी होती."

मालकांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिलेली. ते जवळ आले आणि अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "अहो, सुटलात तुम्ही. कामाला जा."

"एक आणखी मारतो," दाजी म्हणाले.

मी धावत जाऊन त्यांचं कोपर धरलं. कानात काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, नात्यात बसत नाही. दाजींनी सगळं ऐकून मला विचारलं, तेल आहे का? तेव्हा मला कळलं की हे काय करणार आहेत. छर्‍यामागे तेलाचा थेंब सोडला तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तो आत पेट घेतो आणि मेलेली बंदूकसुद्धा दुप्पट जोराने उडते. स्टॉलवर एकदा कुणाच्या तरी हातून हे चुकून झालं होतं आणि मागची फळी फुटली होती. स्प्रिंगचे तुकडे व्हायचा धोका असतो म्हणून दाजी तेलाच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. मी म्हणालो, गिरणीत तेल नाही. जिथे प्रत्येक यंत्राखाली तेलाचं थारोळं असतं, तिथे मी हे तोंड वर करून म्हणालो.

दारातली ताई आत गेली. मला वाटलं, तिला आता बघवत नसेल. पण ती लगेच बाहेर आली. हातात शिलाई मशीनच्या तेलाची बुधली होती. लोकांनी वाट दिली. माझ्याकडे न बघता ती सरळ दाजींजवळ गेली आणि बुधली त्यांच्या हातात दिली.

"एकच थेंब घाला," ती म्हणाली. "तुमच्या बंदुकीला जास्त लागत नाही."

दाजींनी खिशातून टोकदार छर्रा काढला. थेंब सोडला, नळी मिटली, चार पावलं पुढे गेले. ती बंदूक आयुष्यात पहिल्यांदा बंदुकीसारखी बोलली. असा आवाज झाला की छपरावरची सगळी कबुतरं एकदम उठली. नळीतून निळा धूर आला. आत काहीतरी खळकन तुटलं ते फक्त दाजींना आणि मला ऐकू आलं. पत्र्याला भोक पडलं होतं.

मालक वाकले आणि त्यांनी भोकाला डोळा लावला. पत्र्याच्या मागून भाच्यानेही लावला होता. मामाभाच्यांची नजरानजर तिथेच झाली आणि पुढची सगळी बोलणी बहुधा त्यातच मिटली. मी तरीही सांगून बघितलं. म्हटलं, मालक, याच्या कडा बघा, गोळी गेली त्या बाजूला वळल्यात, छपरातल्या भोकांच्या मात्र खाली, आत वळलेल्या आहेत, आणि हे तेल घालून मारलंय. मालक म्हणाले, सगळ्यांनी पाहिलं, आता माझा नाइलाज आहे. माझं बोलणं कुणी ऐकतही नव्हतं, कारण टाळ्या वाजत होत्या. पैलवानाने तर दाजींना कडक सलाम ठोकला. नोकरीवरून काढलेल्या माणसाची एवढी जंगी मिरवणूक मी दुसरी पाहिलेली नाही. सामान हलवायला हमाल आपणहून आले आणि त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. छपराच्या दुरुस्तीचं काम मालकांनी भाच्याला दिलं.

दाजींची कीर्ती मात्र खरोखरच पसरली. शहरात जेवढी म्हणून गोदामं आहेत, तेवढ्या सगळ्यांना ठाऊक झालं की एक माणूस आहे, त्याची गोळी पत्रा फोडून जाते. त्यामुळे एकाही गोदामाने त्यांना दारात उभं केलं नाही. बंदुकीची स्प्रिंग तर तुटलीच होती. दाजी आता एका शाळेच्या फाटकावर शिट्टी घेऊन बसतात. टायरच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेतली आहे, खाली दिवसभर घण चालतो, वर ताईचं मशीन चालतं. कुणी मुद्दाम आलं आणि पत्र्याचं विचारलं, तर दाजी "हो, एक होता खरा" एवढंच म्हणतात. मोटारीच्या दाराची गोष्ट त्यांनी त्यानंतर कुणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी बरेच दिवस धुमसत होतो. दाजींचं मला फारसं वाटत नव्हतं, त्यांना अक्कल नाही हे गृहीतच होतं. राग होता तो ताईचा. एक दिवस ती काजं करत बसली होती, तेव्हा मी विचारलंच. घर तुझं होतं, नोकरीवर पोट तुझं होतं, हलक्या छर्‍याची युक्तीही तुझीच. मग तेल का आणून दिलंस?

तिने दोरा दाताने तोडला. "पहिली गोळी परत आली ना, तेव्हा तुम्ही सगळे पत्र्याकडे बघत होतात," ती म्हणाली. "ते माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं का, तेवढंच बघत होते. घर वाचलं म्हणून मी जरा जरी सुखावलेली दिसले असते, तरी त्यांना कळलं असतं की मला पहिल्यापासून माहीत आहे."

मी म्हणालो, कळलं असतं तर कळलं असतं, डोक्यावर छप्पर तरी राहिलं असतं.

"त्या छपराखाली मग ते मला तोंड कसं दाखवणार होते?" ताई म्हणाली. तिने सुईत नवा दोरा ओवला, आणि दाराकडे बघत म्हणाली, "आणि हळू बोल. जिना चढताहेत ते."